कानांनी करावयाची गणना

२०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटरांची पायपीट करीत त्याच वर्षीच्या डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातील रेडिओ-पट्ट्यामुळे त्याचा मार्ग नकाशावर रेखता आला. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील बिबटे, अस्वले, रोही मोजण्याची प्रथाही विदर्भात रूढ आहे. परंतु त्याच जंगलातील दयाळ, शिंपी यांसारख्या चिमुकल्या गायक पक्ष्यांची मोजदाद कशी करावी? दाट पाल्यात दडलेला शिंपी सहसा दृष्टीस पडत नाही. त्याचा आवाज मात्र दूरवर जातो.

तेव्हा ही गणना मुख्यतः कानांनीच करावयास हवी. उत्तर अमेरिकेत १९६६ पासून ती नेमाने होत आहे. सुमारे ४० किलोमीटरांचा ठरलेला मार्ग, त्यावर ५० थांबे आणि प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटे दिसलेल्या व ऐकू आलेल्या पक्ष्यांची नोंद, अशी ही साधी पद्धत आहे.

अर्थात, ऐकलेली गाणी म्हणजे पक्ष्यांची संख्या नव्हे. अनेक जातींत गातो तो प्रामुख्याने नर, तोही विणीच्या हंगामात आणि विशेषतः पहाटे. वारा सुटला की लांबचा आवाज विरून जातो. म्हणून अंतराचा अदमास घेऊन, ऐकू न आलेले पक्षी किती असावेत, याचेही गणित मांडावे लागते. डॉसन व एफोर्ड या संशोधकांनी २००९ मध्ये चार ध्वनिग्राहकांचा संच वापरून ते मांडून दाखविले. एकच गाणे कोणकोणत्या ध्वनिग्राहकाने किती तीव्रतेने टिपले, यावरून गाणाऱ्या पक्ष्यांची दाटी काढता येते.

हा खटाटोप कशासाठी? भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या २०२३ च्या अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरविता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटत असल्याचे आढळले. हा अहवाल हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे, ही बाब महत्त्वाची. चिखली, मेहकर वा खामगाव येथील शिक्षक आणि विद्यार्थ्यांनाही असे काम अशक्य नाही. आवाजांची ओळख, एक वही आणि घड्याळ एवढे भांडवल पुरे. मात्र जागा तीच, वेळ तीच आणि हंगामही तोच हवा. एका सकाळच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. दहा वर्षांच्या नोंदी मात्र घट दाखवू शकतात. चंडोलाचे गाणे माळावरून नाहीसे झाले, हे उद्या सिद्ध करावयाचे, तर आज ते किती ठिकाणी ऐकू येते, याची लेखी नोंद असली पाहिजे.