बारक्या ओढ्याचा मानकरी

'क्रीक' म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर ठाण्याची खाडी उभी राहते. भरती-ओहोटी, चिखल आणि तिवरांचे रान. अमेरिकेच्या आतल्या मुलखात मात्र याच शब्दाचा अर्थ ओढा असा होतो. टेक्सास राज्याच्या मध्यभागी 'हिल कंट्री' नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. चुनखडीचा दगड, त्यातून पाझरणारे झरे, काठावर सायप्रसची उंच झाडे आणि तळाचे गोटे मोजता येतील असे नितळ पाणी. कुठे घोटाभर, कुठे गुडघाभर, तर कुठे पुरुषभर खोल डोह. उन्हाळ्यात पारा अडतीस अंशांच्या वर जातो. पण झुंजूमुंजू होताना या ओढ्यांवर गारवा असतो. सुटीच्या दिवशी त्या वेळी गाडीच्या टपावरून दहा-बारा फुटी होडी उतरवणारी माणसे इथे हमखास दिसतात. हातात दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे, पाठीशी गळाची काठी. सोबत बहुधा एखादे पोर.

ही होडी म्हणजे कयाक. तिचे मूळ उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ किनाऱ्यांवर आहे. इन्युइट आणि अल्युट लोक लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवत आणि तिच्यातून शिकार करत. आजची मासेमारीची कयाक साच्यात ओतलेल्या जाड प्लॅस्टिकची असते. माणूस तिच्या पोटात शिरत नाही, वरच बसतो. आत आलेले पाणी तळाच्या भोकांतून आपोआप खाली जाते. तरंगायला तिला वीतभर पाणी पुरते. इंजिन नसल्याने ना आवाज, ना धूर. म्हणून मोटारबोट जिथे टेकते तिथून कयाकची खरी सफर सुरू होते.

पाण्यातली मंडळी दोन प्रकारची. एक बास आणि दुसरे सनफिश. तळहाताएवढ्या सनफिशांना तिकडे 'पॅनफिश' म्हणतात, कारण ते अख्खेच्या अख्खे तव्यात मावतात. बास मोठा, दबा धरून बसणारा. सनफिश चपटे, रंगीत आणि धीट. दिसायला इतके वेगळे असूनही दोघे एकाच कुळातले. दोघांतही बाप घर सांभाळतो. नर शेपटीने तळाची वाळू सारून बशीसारखे घरटे करतो, मादी त्यात अंडी घालून निघून जाते आणि मग नर पहारा देतो. अशा पहारेकऱ्याला गळाने उचलले, तर इतर मासे अंड्यांवर तुटून पडतात. म्हणून जाणती माणसे घरट्यांवर गळ टाकत नाहीत.

बाकी मासेमारीची युक्ती सोपी आहे. ऊन चढले की पाणी तापते, त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासा सुस्तावतो. त्यामुळे पहाट आणि तिन्हीसांजा याच खऱ्या वेळा. बास बसतो तो वाहत्या पाण्याच्या कडेला, एखाद्या धोंड्याच्या आडोशाला. वाहून येणारा किडा किंवा चिंगाटी अलगद टिपता यावी म्हणून. त्या धोंड्याच्या वर, प्रवाहात, बोटभर आमिष टाकायचे आणि पाण्यालाच ते खाली नेऊ द्यायचे. मासा सोडून द्यायचा असेल तर गळाचा काटा पकडीने आधीच दाबून सपाट करतात आणि माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करतात. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तो थर हेच त्याचे रोगांपासूनचे कवच असते.

या ओढ्यांचा खरा मानकरी आहे ग्वाडलूप बास. हिरवट अंगावर चौकटीचौकटीचे ठिपके असलेला हा मासा टेक्साससोडून जगात कुठेही मूळचा नाही. वजनाने तो क्वचितच किलोभर भरतो. २०१४ मध्ये नोंदलेला राज्याचा विक्रमही पावणेदोन किलोंच्या आतच आहे. पण साचलेल्या पाण्यापेक्षा वाहत्या पाण्यात वाढल्यामुळे त्याची ताकद अंगापेक्षा मोठी. १९८९ मध्ये टेक्सासने त्याला 'राज्य मासा' म्हणून गौरवले.

तो गौरव झाला तेव्हा हा मासा नाहीसा होण्याच्या वाटेवर होता. तेही ना प्रदूषणाने, ना हावरटपणाने. १९७४ सालापासून सरकारी खात्यानेच, शौकिनांना मोठी शिकार मिळावी या सद्हेतूने, उत्तरेकडचा स्मॉलमाउथ बास या पाण्यांत सोडायला सुरुवात केली होती. पाहुणा आणि घरधनी यांचे सूत जुळले. त्यांची संकरित पिल्लेही पुढे प्रजननक्षम निघाली, आणि अस्सल ग्वाडलूप बास पिढीगणिक विरळ होत गेला. बाहेरून ओढा माशांनी भरलेलाच दिसे. नुकसान कळायला प्रयोगशाळेत जनुके तपासावी लागली.

केर परगण्यातल्या जॉन्सन क्रीकमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे तीस टक्के मासे संकरित निघाले. त्यावर उपाय ठरला तो चिकाटीचा. स्मॉलमाउथ सोडणे थांबवायचे, अस्सल जोड्यांची पिल्ले तळ्यांत वाढवायची आणि ती दरसाल इतक्या संख्येने सोडायची की संकराचे प्रमाण आपोआप घटत जावे. काही वर्षांत ते तीन टक्क्यांच्या आसपास आले. पुढे साउथ लॅनो नदीतही काही लाख पिल्ले सोडली गेली. सोडायला एक निर्णय पुरला होता. निस्तरायला दशके लागली.

यासाठी पैसा आला कुठून? बराचसा मासे पकडणाऱ्यांच्याच खिशातून. सतरा वर्षांवरच्या बहुतेकांना परवाना काढावा लागतो. शिवाय १९५० च्या एका केंद्रीय कायद्याने गळ, काठ्या, चरख्या अशा सामानावर दहा टक्के कर बसवला आणि तो पैसा राज्यांनी मासे व त्यांची पाणी जपण्यासाठीच वापरायचा असे ठरवले. म्हणजे पोरासाठी घेतलेल्या पहिल्या काठीतून ओढ्यालाही चार पैसे मिळतात.

ओढ्यावर हक्क कोणाचा, याचेही उत्तर तिथे रंजक आहे. टेक्सासमधली बहुतेक जमीन खासगी मालकीची. कुंपण ओलांडणे गुन्हा. पण टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक होते तेव्हाच्या, १८३७ च्या कायद्यापासून एक नियम चालत आला आहे. ज्या प्रवाहाचे पात्र सरासरी तीस फूट रुंद, तो प्रवाह आणि त्याचा तळ जनतेचा. पुलाजवळ किंवा सार्वजनिक घाटावर होडी पाण्यात घातली, की दोन्ही काठांना कोट्यधीशांची कुरणे असली तरी मधून साध्या कारकुनाची कयाक बिनदिक्कत जाते.

आपल्याकडेही या कथेचे एक भावंड आहे. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये वर्णन केलेला डेक्कन महसीर धरणांमुळे घटू लागला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याची पिल्ले वाढवली गेली. जात सावरायला त्याचा मोठा उपयोग झाला. पण १९७० च्या दशकापासून हीच पिल्ले दूर कावेरीतही सोडण्यात आली. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा होता. पाठीवर उंचवटा असलेला, पन्नास किलोंपर्यंत वाढणारा. तो आज जवळजवळ नाहीसा झाला आहे, आणि त्यात या पाहुण्यांचा हात असल्याचे अभ्यासक सांगतात. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. एका नदीचे पुण्य दुसऱ्या नदीत पाप ठरले. आपल्या गावच्या तलावात 'मासे सोडण्याचा' समारंभ होतो, तेव्हा 'कोणते मासे?' हा प्रश्न विचारायला हवा, तो यासाठी.

आणि या निवांत दिसणाऱ्या पाण्याला गृहीत धरू नये. हिल कंट्रीतल्या दगडाळ जमिनीत मुसळधार पावसाचे पाणी पटकन मुरत नाही. वर ढगफुटी झाली की ओढा पाहता पाहता राक्षस होतो. ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वाडलूप नदी पाऊण तासात सुमारे सव्वीस फूट चढली आणि त्या पुरांत शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांत शिबिराला आलेली लहान मुलेही होती. नियमाने होडीत माणशी एक तरंगजाकीट असावेच लागते आणि चालत्या होडीत तेरा वर्षांखालच्या मुलांनी ते अंगात घालावेच लागते. शहाणी मोठी माणसेही ते काढत नाहीत आणि वरच्या खोऱ्यातला पावसाचा अंदाज पाहिल्याशिवाय निघत नाहीत.

सकाळ संपता संपता होडी काठाला लागते. दोन-चार सनफिश तव्यासाठी ठेवलेले असतात. ते भराभर वाढतात, त्यांची चिंता नसते. ग्वाडलूप बास मात्र बहुतेक जण सोडून देतात. ओल्या हाताने पोटाखाली आधार देऊन माशाचे तोंड प्रवाहाकडे धरायचे आणि कल्ल्यांची उघडझाप नीट सुरू होईपर्यंत थांबायचे. मग शेपटीचा एक फटकारा बसतो, बोटांवर पाणी उडते आणि मासा आपल्या धोंड्याच्या आडोशाला परत गेलेला असतो.