मालद्याची मावशी

२०२२ सालच्या पोळ्याच्या दिवशी माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. ‘ताई, ह्याला मुंबईला न्यायला सांगितलंय.’ सहा वर्षांचं पोर. पंधरा दिवस ताप हटत नव्हता, पाय दुखतात म्हणायचा आणि नडग्यांवर निळे डाग. आम्ही म्हटलं, खेळताना पडला असेल. चाळीसगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सरळ परळच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. ल्युकेमिया. म्हणजे रक्ताचा कॅन्सर.

मैत्रिणींनो, अशा वेळी पैशांचा प्रश्न येतोच, पण पहिला प्रश्न येतो तो राहायचं कुठे हा! जाऊ सुरुवातीला कल्याणच्या नातेवाइकांकडे उतरली. माणसं चांगली, पण खोली एकच. शिवाय केमोने पोराच्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या, त्याला लोकलच्या गर्दीतून रोज कसं न्यायचं? साधा खोकलासुद्धा अशा मुलाला महागात पडतो. शेवटी रुग्णालयातल्या समाजसेविका बाईंनी परळजवळच्या एका धर्मशाळेत सोय करून दिली. हे आधी विचारलं असतं तर दहा दिवसांचे हाल वाचले असते. आपण बायका विचारायला लाजतो, तिथेच अडतं.

त्या धर्मशाळेत स्वयंपाकघर एकच, सगळ्यांचं. तिथे तिला भेटली मालद्याची बंगाली बाई. तिची मुलगी चार महिने आधीपासून उपचार घेत होती. हिला बंगाली येईना, तिला मराठी येईना, हिंदी दोघींचं मोडकंतोडकं. पण पाणी उकळूनच द्यायचं, कच्ची कोशिंबीर बंद, अन्न ताजंच, थर्मामीटर उशाशी हवा आणि ताप दिसला तर रात्रीचे दोन असले तरी सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे सगळं तिनंच शिकवलं. डॉक्टरांनीही सांगितलं होतंच. पण घाबरलेल्या बाईच्या डोक्यात ते शिरत नाही. शेजारच्या शेगडीवर भात ढवळत कुणी सांगितलं की शिरतं.

महिनाभरात रिपोर्ट चांगला आला. दसऱ्याच्या सुमारास घरून फोन सुरू झाले, ‘बरा झाला ना? मग या आता. कापूस वेचायला माणसं नाहीत.’ जावेनंही पिशव्या भरल्या. खरं सांगते, मीसुद्धा म्हणाले होते, ये बाई घरी. मला तरी कुठे ठाऊक होतं! या प्रकारच्या ल्युकेमियात पहिल्या महिन्यात आजार दिसेनासा होतो, पण संपत नाही. उपचार साधारण दोन-अडीच वर्षांचे, त्यातले पहिले काही महिने कडक, पुढे बराचसा काळ गोळ्यांचा. मध्येच सोडलं तर तो उलटतो, आणि उलटलेला आजार आवरणं फार अवघड.

मालद्याच्या बाईनं भरलेल्या पिशव्या बघितल्या. भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं, आपल्या मुलीच्या केमोच्या तारखांवरचे गोल दाखवले. मग जावेच्या पिशवीतला तवा काढून शेगडीवर ठेवला. जाऊ राहिली.

त्यानंतर मी रोज फोन करून ‘काय म्हणाले डॉक्टर?’ विचारणं बंद केलं. तेच तेच सांगून ती थकायची. त्यापेक्षा तिची थोरली मुलगी आठ महिने माझ्याकडे आणून ठेवली. तिची शाळा, डबा, वेणी मी बघितली. भावजी शेत सांभाळून येऊन-जाऊन करत. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या माणसाला मोठी सवलत मिळते, रुग्णालयाचा ठरावीक फॉर्म लागतो, हेही त्या स्वयंपाकघरातच कळलं. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड लागेल, हेही तिथेच. बाहेरगावच्या मुलांना आईबापांसह विनामूल्य ठेवणारी ‘सेंट ज्यूड’ची केंद्रं मुंबईत २००६पासून आहेत, रुग्णालयाच्या शिफारशीनं तिथे जागा मिळते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा तर जुनीच.

सगळंच गोड नव्हतं. बिहारचा एक मुलगा गेला, त्या दिवशी एकीनंच सगळ्यांची खिचडी टाकली. कुणी कुणाशी बोललं नाही.

आमच्या पोराचे उपचार २०२५च्या सुरुवातीला संपले. तपासणीला अजून जावं लागतं. मालद्याची मुलगीही शाळेत जाते. दर रविवारी दोघी आयांचा फोन असतो. बोलायला भाषा नाहीच. ही विचारते, ‘जेवलीस?’ ती विचारते, ‘खेयेछो?’ आणि मग दोघी फोन मुलांच्या हातात देतात.