मराठी ग्रंथसूचीचे स्वायत्त शास्त्र : गरज आणि दिशा

प्रस्तावना

खारेपाटण (ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग) हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना तेथे सापडलेल्या शिलाहारकालीन ताम्रपटांमुळे परिचित आहे. त्यांपैकी रट्टराजाचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ मधील असून दक्षिण कोकणातील शिलाहारांची वंशावळ ठरविताना तो प्रमुख आधार मानला जातो. या ताम्रपटाचे आरंभीचे वाचन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध करणारे विद्वान म्हणजे बाळशास्त्री जांभेकर होत. शेजारच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे त्यांचे जन्मगाव. मात्र त्या इंग्रजी नियतकालिकात त्यांचे नाव ‘बाळ गंगाधर शास्त्री’ असे आले आहे. नावातील शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, हा इंग्रजी प्रघात पाळणारा सूचिकार या लेखाची नोंद ‘शास्त्री’ या शीर्षाखाली करील. १८३२ मध्ये सुरू झालेल्या ‘दर्पण’ची नोंद मात्र ‘जांभेकर’ या शीर्षाखाली होईल. परिणामी एकच लेखक सूचीत दोन व्यक्ती म्हणून वावरू लागतो.

हा केवळ लेखनिकाचा दोष नव्हे. ज्या भाषेतील ग्रंथांची सूची करावयाची, त्या भाषेच्या व्यवहारातून सूचीचे नियम निघाले नाहीत तर काय घडते, याचे हे उदाहरण आहे. मराठी ग्रंथसूचीला स्वतःचे शास्त्र का हवे आणि ते कोणत्या मुद्द्यांवर उभे राहू शकेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सूचीचा हेतू आणि सूचीची दृष्टी

मुंबई इलाख्यातील देशी भाषांतील ग्रंथांची एक आरंभीची मोठी यादी सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या नावावर आहे. १८६४ अखेरपर्यंतची प्रकाशने तीत नोंदविली आहेत. १८६७ मध्ये मुद्रणालये व पुस्तक नोंदणीचा कायदा झाला आणि प्रांतिक सरकारांकडून नोंदलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. या याद्यांचे ऋण मोठे आहे. अनेक पुस्तके आज उपलब्ध नाहीत. त्यांचे अस्तित्व केवळ या याद्यांमुळे कळते. तथापि देशी भाषांत काय छापले जाते, यावर लक्ष ठेवणे हा त्यांमागील प्रशासकीय हेतू होता. अभ्यासकाला त्या पुस्तकातून काय शोधावयाचे असेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

ही दृष्टी बदलण्याचे श्रेय शंकर गणेश दाते यांच्याकडे जाते. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा १८०० ते १९३७ या कालखंडाचा पहिला भाग १९४४ मध्ये, तर १९३८ ते १९५० या कालखंडाचा दुसरा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. दीडशे वर्षांची मराठी ग्रंथनिर्मिती एका दृष्टिक्षेपात आणणारे हे कार्य मुख्यतः एका व्यक्तीच्या परिश्रमातून उभे राहिले. पुढे शरद केशव साठे यांनी १९५० नंतरच्या ग्रंथांच्या सूचीचे काम हाती घेतले. दाते यांच्या सूचीत मराठी वाचक आणि संशोधक हाच सूचीचा धनी ठरतो. स्वायत्ततेचा अर्थ प्रथम येथे दिसतो.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर ग्रंथप्रती देण्याचे बंधन घातले आणि १९५७ पासूनच्या ग्रंथांची राष्ट्रीय ग्रंथसूची बी. एस. केशवन यांच्या संपादनाखाली सुरू झाली. सर्व भारतीय भाषा एका क्रमात आणण्यासाठी तीत रोमन लिपीचा स्वीकार करण्यात आला. स्वतंत्र भाषाविभाग मात्र त्या त्या लिपीत निघाले. राष्ट्रीय पातळीवरील सोय म्हणून हा निर्णय समजण्यासारखा आहे. परंतु मराठी ग्रंथाची मूळ नोंद मराठी लिपीत व मराठी क्रमाने व्हावयाची असेल, तर ते काम मराठी भाषकांनीच करावयास हवे, हेही त्यातून स्पष्ट होते.

मराठी ग्रंथाचे चार प्रश्न

पहिला प्रश्न नामाचा आहे. ज्ञानेश्वर, तुकाराम यांच्यासारख्या संतांना आडनावाखाली शोधण्याचा प्रघात मराठीत नाही. उलट कृष्णाजी केशव दामले यांना वाचक ‘केशवसुत’ म्हणून आणि वि. वा. शिरवाडकर यांना कवितेपुरते ‘कुसुमाग्रज’ म्हणून ओळखतो. स्त्रीलेखकांच्या बाबतीत विवाहापूर्वीचे व नंतरचे नाव हा आणखी एक पदर आहे. म्हणून प्रत्येक लेखकाचे एक अधिकृत शीर्ष ठरवून इतर नावांवरून त्याकडे निर्देश देणे आवश्यक ठरते.

दुसरा प्रश्न कालाचा आहे. एकोणिसाव्या शतकातील अनेक पुस्तकांवर केवळ शकाचा निर्देश आढळतो. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, हा ढोबळ नियम आहे. शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने त्याचे शेवटचे काही महिने पुढील इसवी सनात जातात. शके १७६७ च्या फाल्गुनात छापलेले पुस्तक १८४५ चे नसून १८४६ चे असते. मूळ शक, मास आणि रूपांतरित सन या तिन्हींची नोंद केल्याशिवाय अमुक पुस्तक आधीचे की नंतरचे, हा वाद मिटत नाही. त्यातच अनेक शिळाछाप पोथ्यांना आधुनिक अर्थाचे मुखपृष्ठ नसते. काल, स्थळ व मुद्रक यांचा उल्लेख अखेरच्या पुष्पिकेत असतो. मुखपृष्ठ हाच नोंदीचा प्रमुख आधार मानणारा नियम अशा पोथीपुढे अपुरा पडतो.

तिसरा प्रश्न वर्णक्रमाचा आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, तर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी येतात. संगणकाच्या युनिकोड संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच पुढे आहे. ‘क्ष’ हे जोडाक्षर असल्याने ते ‘क’ मध्ये जाते. मराठीसाठी स्वतंत्र क्रमनियम न देता तयार केलेल्या संगणकीय सूचीत ‘ज्ञानप्रकाश’ हे नाव ‘ज’ च्या नोंदींत सापडते आणि शेवटी शोधणाऱ्या वाचकाला ते नाहीच असे वाटते.

चौथा प्रश्न विषयाचा आहे. १८७६ च्या ड्यूई दशांश पद्धतीत धर्म या वर्गातील बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला मिळाली आणि उर्वरित धर्म २९० या एका विभागात सामावले गेले. मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक लाभला. परंतु अभंगगाथा काव्यात ठेवावी की भक्तिसंप्रदायात, बखर इतिहासात घ्यावी की गद्यवाङ्मयात, याचे उत्तर त्या पद्धतीजवळ नाही. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडून विषयाच्या अनेक पैलूंना एकाच क्रमांकात स्थान देता येते, हे दाखविले. भारतीय विचारातून जगाला उपयुक्त पद्धती निर्माण होऊ शकते, याचा तो पुरावा होय.

चीनमधील समांतर विचार

असाच प्रश्न चीनमध्येही चर्चिला जात आहे. तेथे ग्रंथांचे अभिजात, इतिहास, तत्त्वचिंतन आणि संकलित वाङ्मय असे चार विभाग करण्याची दीर्घ परंपरा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ड्यूईच्या धर्तीवरील वर्गीकरणे आली आणि १९७५ मध्ये चिनी ग्रंथालय वर्गीकरण प्रसिद्ध झाले. २०२२ पासून सामाजिक शास्त्रांत ‘स्वायत्त ज्ञानव्यवस्था’ उभारण्याची हाक राज्यसंस्थेकडूनच दिली गेली असून प्रकाशनशास्त्र व सूचिशास्त्र यांतही तिचे पडसाद उमटले आहेत. या विचारातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. पण राज्यसंस्थेने आखलेली स्वायत्तता आणि अभ्यासकांनी कमावलेली स्वायत्तता यांत फरक आहे. दाते यांची परंपरा दुसऱ्या प्रकारातील आहे.

कायद्यातील बदल आणि स्थानिक सूची

या प्रश्नाला आज नवी निकड आली आहे. १८६७ च्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून अंमलात आला. तो नियतकालिकांपुरता असून पुस्तके त्याच्या कक्षेत नाहीत. आता पुस्तकांच्या बाबतीत प्रामुख्याने १९५४ च्या कायद्यावरच भिस्त आहे. त्यानुसार प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत राष्ट्रीय ग्रंथालयासह नियत ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवावयाच्या असतात. परंतु त्यातील दंड पन्नास रुपये व पुस्तकाच्या किमतीपुरताच आहे. तालुक्याच्या गावी छापलेली देवस्थानाची माहितीपुस्तिका, भजनसंग्रह, शाळेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका किंवा ग्रामेतिहास यांतून सहज निसटू शकतात. ग्रामीण समाजाच्या अभ्यासाची साधने नेमकी हीच असतात.

यावर उपाय स्थानिक सूचीचा आहे. सार्वजनिक वाचनालये आणि महाविद्यालयांची ग्रंथालये यांनी आपल्या तालुक्यातील मुद्रित साहित्याची प्रत्यक्ष पाहून नोंद करावी. नोंदीत लेखकाचे अधिकृत शीर्ष, मूळ शक, मुद्रणालय, पुष्पिकेतील मजकूर आणि प्रत कोठे आहे याचा निर्देश असावा. आंतरराष्ट्रीय मानक पुस्तक क्रमांक असल्यास तोही द्यावा. जागतिक मानकांशी जोडलेले राहणे आणि स्वतःचे नियम असणे यांत विरोध नाही.

समारोप

सारांश, सूचीतील स्वायत्तता म्हणजे परकीय पद्धतींचा त्याग नव्हे. आपल्या ग्रंथांतून निर्माण होणाऱ्या प्रश्नांना आपल्या भाषेत नियमबद्ध उत्तर देण्याची क्षमता म्हणजे ही स्वायत्तता. सहस्र वर्षांपूर्वीचा खारेपाटणचा ताम्रपट आज उपयोगी पडतो, कारण त्यावर काल कोरलेला आहे आणि त्याचे वाचन प्रसिद्ध झालेले आहे. कागदावरील पुस्तक तितके टिकाऊ नसते. त्याची नोंद वेळीच झाली नाही, तर ते होते हेही पुढील पिढ्यांना कळणार नाही.