हृदयाची तपासणी आणि बाळाची झोंप

लहान मुलाच्या हृदयाची तपासणी करण्यासाठीं त्याला औषधानें झोंपवावें लागेल, असें डॉक्टरांनीं सांगितलें कीं घरांतील वडीलधारीं माणसें धास्तावतात. आधींच हृदय दुबळें, त्यांत हें गुंगीचें औषध कशाला? ही शंका अनाठायीं नाहीं. म्हणूनच तिचा थोडा खुलासा करावा, असें आम्हांस वाटतें.

इकोकार्डिओग्राफींत ध्वनिलहरींच्या साहाय्यानें हृदयाचें चित्र पडद्यावर उमटतें. तींत वेदना नाहीं. परंतु बाळ बराच वेळ स्वस्थ पडून राहावें लागतें. रडण्यानें नाडी व श्वास जलद चालतात, आणि व्यंगाचें मोजमाप चुकण्याचा संभव असतो. अगदीं तान्हें मूल पाजून, दुपट्यांत गुंडाळलें म्हणजे बहुधा आपोआप निजतें. समजूं लागलेलें मूल गोष्टींत रमतें. खरी अडचण मधल्या वयाची.

अशा वेळीं द्यावयाच्या औषधांत १८६९ पासून प्रचारांत असलेलें क्लोरल हायड्रेट व त्याच जातीचें ट्रायक्लोफॉस हीं पोटांत देतात. डेक्समेडेटोमिडीन नाकांत फवारतां येतें; त्यानें येणारी झोंप नैसर्गिक झोंपेसारखी असते, पण नाडी मंदावते. एम. आर. आय. तपासणी लांबणारी व यंत्राचा आवाज मोठा. म्हणून तेथें पुष्कळदां पूर्ण भूल द्यावी लागते. निर्दोष असें औषध एकही नाहीं. यास्तव प्राणवायूची सोय व श्वासावर सतत नजर ठेवणारें जाणतें माणूस जवळ हवेंच. हें औषध घरीं पाजून मुलाला नेणें सर्वथा वर्ज्य होय.

आतां उपवासाविषयीं. गुंगींत पोटांतील अन्न उलटून श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. म्हणून सामान्यतः अन्न व वरचें दूध ६ तास, आईचें दूध ४ तास आणि पाणी २ तास आधीं बंद करतात. भुकेनें कळवळणाऱ्या नातवंडाला आजीनें पदराआड दोन घोट दूध पाजावें, ही माया आम्ही जाणतों. पण तीच जिवावर बेतूं शकते. पाजलेंच असेल, तर निःसंकोच सांगावें. तपासणी पुढें ढकलतां येते. उलट, ओठ निळसर पडणाऱ्या बाळाला फार वेळ तहानलेलें ठेवल्यास रक्त अधिक दाट होतें. तेव्हां पाण्याची मर्यादा डॉक्टरांसच विचारावी.

तपासणीनंतर मूल पुरतें जागें होईपर्यंत घाई करूं नये. परततांना त्याची मान छातीवर कलंडणार नाहीं, हें पाहावें. कारण तेणेंकरून श्वास कोंडतो.

औषध कोणतें, हें डॉक्टर ठरवितील. पण बाळाच्या पोटांत शेवटचें काय व केव्हां गेलें, हें खरेंखरें सांगणें घरच्यांच्याच हातीं आहे.