घरामागची वाडी

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकास आहेत. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. गडचिरोलीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग आजही वनाने व्यापलेला आहे. वनाच्या कडेची गावे मुख्यतः भात पिकवितात. भाताचे पीक बहुधा वर्षातून एकदाच येते. म्हणजे घरात पैसाही एकदाच येतो, आणि पावसाने दगा दिला तर तोही येत नाही. अशा वेळी ज्या कुटुंबाच्या घरामागे पाच-दहा गुंठ्यांची भाजीची वाडी असते, त्याला आठवड्याच्या बाजारातून मीठमिरचीपुरते तरी चार पैसे मिळत राहतात.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमीन. असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो. दहा गुंठे जमीन नीट राखली, तर ती पाच माणसांच्या कुटुंबाच्या गरजा भागवू शकते, हा विचार श्री. अ. दाभोळकर यांनी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांपुढे मांडला होता. मात्र खत, बियाणे, औषध असे सारेच विकत आणावे लागले, तर एवढ्याशा वाडीची मिळकत आली तशी दुकानात जाते. म्हणून वाडीला लागणारी वस्तू शक्यतो घरातून व शिवारातूनच मिळवावी लागते.

पहिली गरज पाण्याची. या भागात जुन्या काळी बांधलेले तलाव गावोगावी आहेत. मालगुजारी पद्धत १९५० नंतर बंद झाली आणि हे तलाव सरकारकडे आले. त्यामुळे त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. शेतातल्या लहान तळ्यास बोडी म्हणतात. उन्हाळ्यात तलाव आटला की त्यातील काळा गाळ गाड्या भरून शेतात टाकतात. त्याने तलावही खोल होतो आणि जमीनही सुधारते. चंद्रपूरचा उन्हाळा मोठा कडक. पारा ४५ अंशांच्या वर सहज जातो. उघड्या मातीतील ओल तेव्हा पाहता पाहता उडून जाते. त्यासाठी रोपांच्या बुंध्याशी भाताचे तणस पसरतात. तणसाखाली माती गार राहते, आणि पुढे तेच कुजून तिचे खत होते.

खताची एक चांगली रीत विदर्भातच निघाली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावावरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. विटांचे दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच टाके बांधून त्याच्या भिंतींत जागोजाग भोके ठेवतात. आत पालापाचोळा, थोडे शेण आणि माती यांचे थर रचतात. भोकांतून हवा खेळते. त्यामुळे कचरा न सडता नीट कुजतो आणि थोड्या शेणात पुष्कळ खत होते. ज्या घरी एकच गाय आहे, त्याला याचे मोल अधिक.

पेरणीतही हिशेब असतो. मेथी महिन्याभरात कापणीस येते. वांग्याला लावणीनंतर दोन महिने तरी लागतात. सगळी मेथी एकाच दिवशी पेरली, तर ती एकाच दिवशी विकावी लागते व भाव पडतो. म्हणून शहाणी गृहिणी मेथी, पालक आणि सांभार (कोथिंबिरीचे हे इकडचे नाव) पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरते. पावसाळ्यात तर रानच तरोट्याची भाजी आणि बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, पुरविते.

रान देते, तसे नेतेही. रानडुक्कर एका रात्रीत वाडी उकरून टाकते. त्यासाठी बांबूचे व काट्यांचे दाट कुंपण घालतात. काही जण तारेत विजेचा प्रवाह सोडतात. हा गुन्हा तर आहेच. पण अशा तारांना लागून वाघ मेले आहेत आणि माणसेही दगावली आहेत.

राहता राहिले बियाणे. संकरित भाजीचे बी धरून पुढच्या वर्षी पेरले, तर झाडे एकसारखी येत नाहीत. ते दरवर्षी विकतच घ्यावे लागते. देशी वाणाचे बी मात्र घरी राखता येते. वालाच्या फुलाचे परागण बहुधा त्याच फुलात होते, म्हणून त्याचे बी फारसे बिघडत नाही. कोहळ्याचे, म्हणजे तांबड्या भोपळ्याचे, तसे नाही. त्याची नरफुले व मादीफुले वेगळी असतात आणि मधमाशी एका वेलावरचे पराग दुसऱ्या वेलावर नेते. दोन जातींचे वेल शेजारी असले, तर बी मिसळते. यासाठी उमलू पाहणाऱ्या दोन्ही कळ्या संध्याकाळी दोऱ्याने बांधतात, सकाळी नरफुलाचे पराग मादीफुलाला लावून ते पुन्हा बांधतात आणि त्या फळावर खूण करतात.

बी निवडणारी नजर काय करू शकते, हे नागभीड तालुक्यातील दादाजी खोब्रागडे यांनी दाखविले. त्यांचे गाव नांदेड. गोदाकाठचे शहर नव्हे, त्याच नावाचे लहान खेडे. शिक्षण तिसरीपर्यंत आणि जमीन दीड एकर. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी जपून ठेवले आणि पुढच्या वर्षी लहानशा तुकड्यात वेगळे लावले. रानडुकरांपासून राखण्यासाठी भोवती काट्या घातल्या. वर्षानुवर्षे असेच निवडून त्यांनी बारीक तांदळाचा एक वाण सिद्ध केला. त्या काळी गाजलेल्या मनगटी घड्याळाच्या नावावरून तो ‘एचएमटी’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि दूरदूरच्या शेतांत पोहोचला. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. परंतु त्या वाणावर इतरांनी मिळविलेल्या पैशाचा फारसा वाटा त्यांच्या घरी आला नाही. २०१८ मध्ये ते वारले.

वाडीतही रीत हीच. सर्वांत निरोगी झाडाचे पहिले चांगले फळ बाजारात न नेता वेलावरच पिकू देतात. बी धुऊन सावलीत वाळवितात, राखेत घोळवून वाळक्या तुंब्यात भरतात, आणि तुंब्याचे तोंड बंद करून तो चुलीच्या वर, धूर लागेल असा, मृगाच्या पावसापर्यंत टांगून ठेवतात.