पनवेलची चाकं

पनवेलची ओळख करून द्यायची तर कर्नाळा किल्ला, शिरढोणचे क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके, १८५२ ची नगरपालिका ही यादी शाळकरी पोरांनाही पाठ असते. तिच्यात चाकं नसतात. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात मात्र गावाचा मुख्य धंदा म्हणून बैलगाडीच्या चाकांचीच नोंद आहे. देश आणि किनारा यांच्यामध्ये चालणाऱ्या प्रत्येक गाडीला पनवेलची चाकं, असं साहेब लिहून गेलाय.

१८३० मध्ये बोरघाट गाड्यांना खुला झाला आणि घाटावरचा माल, घाटावरची माणसं पनवेलच्या बंदरात उतरू लागली. पुढे होडीनं मुंबई. पोटासाठी पश्चिमेला निघालेल्यांचा हा उंबरठाच.

पुढे काही वर्षांनी अमेरिकेत मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावात ऑरेगॉनकडे निघालेली कुटुंबं गाडी, बैल, जू खरेदी करत आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटर पश्चिमेची वाट धरत. तिथला नावाजलेला गाडीकार हायरम यंग एकेकाळचा गुलाम, पैसे भरून मोकळा झालेला. पनवेलच्या सुतारांची नावं कुणी लिहून ठेवली?

एका म्हाताऱ्या सुताराकडे बसलो. चाकाचा मधला तुंबा बाभळीचाच हवा, म्हणाले, आणि लाकूड वर्षभर सुकलेलं. “घाई केलीत की पहिल्याच उन्हाळ्यात आरे हलणार.” लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी आखूड ठेवायची. गोवऱ्यांच्या आगीत लाल झाली की ती वाढते. मग तिघांनी सांडशीनं उचलून चाकावर चढवायची, घण घालायचे आणि लाकूड पेट घेतंय तोवर पाणी ओतायचं. धाव आक्रसते, सगळे सांधे एकदम आवळले जातात. सांगताना त्यांचे हात हवेतच धाव फिरवत होते.

१८६३ मध्ये रेल्वेनं घाट सर केला, पण कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं. अमेरिकेतही १८६९ च्या आरपार रेल्वेनंतर बैलगाड्यांची वाट ओस पडत गेली.

तिकडची पश्चिम मोकळी नव्हती, तिथे आधीपासून माणसं होती. इथेही १९७० मध्ये शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं ते रिकाम्या माळावर नव्हे. नव्या मुंबईसाठी आगरी-कोळ्यांच्या ९५ गावांची जमीन गेली. मुंबईत घर न परवडणारे आता उलटे, पूर्वेला येऊ लागले. १९८४ च्या जानेवारीत शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड पदरात पडले. खारघर-कामोठ्याच्या मनोऱ्यांत राहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, शंकाच आहे. शहरात चाकांची आठवण सांगणारी एखादी पाटीही मला दिसली नाही.

चाकं अजून करता का, असं सुतारांना विचारलं. “शर्यतवाले येतात अधूनमधून. बाकी हॉटेलवाले, शोभेला. त्यांना काळा रंग फासलेली धाव चालते, तापवायची कटकट नाही.”