जीपचा मागचा आस : सारखे दिसणारे भाग अदलाबदल का होत नाहीत?

जीपची मागची दोन्ही चाके जमिनीवरून उचलून धरा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि एक चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा. दुसरे चाक तितकेच, पण उलट दिशेने फिरते. हा प्रकार पाहून विद्यार्थी चकित होतात. दोन चाकांच्या मध्ये असलेल्या लोखंडी भोपळ्यात दडलेल्या डिफरन्शियलची ही करामत आहे.

वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्याला घट्ट जोडली, तर त्यांपैकी एकाला फरफटत जावे लागेल. म्हणून आसाचे दोन तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याच्या आतल्या टोकाला एक दातेरी चाक असते आणि या दोघांमध्ये छोटी स्टार पिनियन बसवलेली असतात. ही पिनियन ज्या चौकटीत असतात, ती चौकट क्राऊनला बोल्टांनी जखडलेली असते. या रचनेचा नियम सोपा आहे : चौकटीचे फेरे म्हणजे दोन चाकांच्या फेऱ्यांची सरासरी. वरच्या प्रयोगात गाडी गिअरमध्ये असल्याने चौकट स्थिर होती, म्हणजे सरासरी शून्य. एका चाकाचा अधिक एक फेरा झाला, की दुसऱ्याचा उणे एक व्हायलाच हवा.

याच भोपळ्यात आणखी एक काम होते. इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन असते व ते मोठ्या क्राऊनला फिरवते. वेग कमी होतो आणि त्याच प्रमाणात पीळ देण्याची ताकद वाढते. हे प्रमाण दात्यांच्या संख्येवर ठरते. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, विलिस कंपनीने बनवलेल्या एमबी जीपमध्ये क्राऊनला ३९ व पिनियनला ८ दाते होते, गुणोत्तर ४.८७५. युद्धानंतर त्याच कंपनीने शेतीकामासाठी सीजे-२ए ही जीप काढली. तिला नांगर ओढायचा होता, म्हणून क्राऊनला ४३ दाते दिले आणि पिनियनचे ८ कायम ठेवले, गुणोत्तर ५.३७५.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीपगाड्या व त्यांचे सुटे भाग बाजारात आले. आपल्याकडे महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे या घराण्याच्या गाड्या आपल्या रस्त्यांनाही चांगल्या परिचयाच्या आहेत. समजा, एका सीजे-२ए गाडीचा मागचा आस निकामी झाला आणि मालकाने जुन्या बाजारातून एमबी जीपचा आस आणून बसवला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गाडी चालूही लागते. मग बिघडले कुठे?

चारही चाकांना शक्ती देण्याचा दांडा ओढला, की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. शाफ्टचे ३९ फेरे झाले, की मागच्या चाकांचे सरासरी ८ फेरे होतात. पुढच्या चाकांचे मात्र ३९ × ८ ÷ ४३, म्हणजे सुमारे ७.२६. मागची चाके १०० मीटर जाऊ पाहतात तेव्हा पुढची जेमतेम ९१ मीटर. उरलेले नऊ मीटर कोणत्या तरी चाकांना घसरावेच लागते. चिखलात ती निमूट घसरतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर घसरायला वाव नसतो. मग शाफ्टमध्ये पीळ साठत जातो, दांडा अडकून बसतो आणि शेवटी एखादा सांधा किंवा दाता तुटतो. ओल्या उतारावर तर याहून धोका मोठा आहे. तिथे चाकांची पकड सतत सुटत राहते आणि गाडी स्टिअरिंगला दाद देत नाही. फक्त मागच्या चाकांवर गाडी चालवताना या दोषाचा पत्ताच लागत नाही. ज्या दिवशी चारही चाकांची गरज पडते, नेमका त्या दिवशी तो उघडा पडतो.

अख्खा आस न बदलता आतले सुटे भाग बदलायचे म्हटले, तरी अडचणी आहेतच. डेना ४४ हा जीप आणि पिकअप ट्रकमध्ये खूप वापरला गेलेला आस. त्याच्या शाफ्टच्या टोकावर कोरलेल्या खाचा वेगवेगळ्या काळात १०, १९ व ३० अशा होत्या. १९ खाचांचा शाफ्ट ३० खाचांच्या चाकात शिरणारच नाही. दुसरी गोष्ट अशी, की क्राऊनचा व्यास साधारण तोच ठेवून गुणोत्तर वाढवायचे तर पिनियन लहान करावे लागते. लहान पिनियनपर्यंत दाते पोचण्यासाठी क्राऊन त्याच्या जवळ सरकवावा लागतो. म्हणून या आसासाठी दोन प्रकारच्या चौकटी आहेत : एक ३.७३ पर्यंतच्या गुणोत्तरांसाठी, दुसरी ३.९२ पासून पुढे. तिसरी गोष्ट, क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एका जोडीतला क्राऊन आणि दुसऱ्या जोडीतले पिनियन, दात्यांची संख्या बरोबर असूनही, आवाज करतात व लवकर झिजतात. त्यामुळे ते नेहमी जोडीनेच बदलायचे असतात.

गुणोत्तर ओळखण्यासाठी भोपळा उघडण्याची गरज नाही. जाणकार मेकॅनिकच्या मदतीने, विद्यार्थ्यांना गाडीखाली जाऊ न देता, हा प्रयोग करता येईल. जीप सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. जुन्या जीपचा हातब्रेक प्रोपेलर शाफ्टवरच असतो, तो सोडा. मागचे एकच चाक उचलून गाडीखाली भक्कम टेकू द्या. उचललेल्या चाकावर आणि शाफ्टवर खडूने खुणा करा. मग चाकाला सावकाश १६ फेरे द्या आणि शाफ्टचे फेरे मोजा. दुसरे चाक स्थिर असल्याने चौकटीचे फेरे १६ ची निम्मी, म्हणजे ८ होतात. शाफ्टचे फेरे ३९ भरले तर आस एमबीच्या प्रमाणाचा, ४३ भरले तर सीजे-२ए च्या. असेच मोजमाप पुढच्या आसाचेही घ्यावे. दोन्ही आकडे जुळले, तरच चारही चाकांचा दांडा ओढावा.

सरासरी आणि गुणोत्तर हे सातवी-आठवीच्या गणितातले विषय. एखाद्या गाडीचा मागचा आस बदलावा की नाही, याचे उत्तर त्यांतूनच मिळते.